सूरजागडच्या रस्त्यावर नवीन टीव्ही घेताय? रिझोल्यूशन ठरवण्याआधी हे तीन प्रश्न विचारा



आजचा विषय टीव्हीचा आहे. तुम्ही म्हणाल, धंदा शिकवणारा माणूस टीव्हीवर कशाला बोलतोय? कारण साधं आहे. हा विषय पैशाचा आहे, आणि दोन्ही बाजूंनी आपल्याच लोकांचा आहे. घेणाराही आपला, विकणाराही आपला.

एटापल्ली तालुक्यातलं सूरजागड लोहखनिजामुळे सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. २०२१ मध्ये इथलं खाणकाम पुन्हा सुरू झालं आणि हेडरी, एटापल्ली, आलापल्ली या पट्ट्यात दर महिन्याला पगार हातात येणारी घरं दिसू लागली. पगाराच्या मागे धंदे येतातच. खानावळ, चहाची टपरी, पंक्चरचं दुकान, भाड्याच्या खोल्या, मोबाईल रिपेअरिंग. या घरांत आणि या दुकानांत एक खरेदी हमखास ठरलेली असते, ती म्हणजे मोठा टीव्ही. कुणासाठी तो घरातला पहिला टीव्ही असतो, कुणासाठी गिऱ्हाईक दोन मिनिटं जास्त बसवायचं साधन.

मग होतं काय? दुकानात गेलं की समोरून येतं, "भाऊ, फोर-के घ्या, आता जमाना फोर-केचाच आहे." वर्षभराचे हप्ते बांधले जातात. टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो, डिशची वायर लागते आणि चित्र पुसट! शेजारच्याचा जुना छोटा टीव्ही जास्त स्पष्ट दिसतो. घरचे म्हणतात, टीव्ही खराब निघाला. बहुतेक वेळा टीव्ही चांगलाच असतो. ज्या दर्जाच्या चित्रासाठी तो बनवलाय, ते चित्र त्या घरात येतच नाही, एवढंच.

म्हणून आज आपण रिझोल्यूशन समजून घेऊ. सोप्या भाषेत, आणि टेप घेऊन मोजता येईल असं.

आधी आकडे समजून घ्या

टीव्हीचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. आडवे ठिपके गुणिले उभे ठिपके म्हणजे रिझोल्यूशन. बाजारात मुख्य तीन प्रकार मिळतात.

• एचडी रेडी: १३६६ × ७६८, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके.
• फुल एचडी: १९२० × १०८०, म्हणजे साधारण पावणेएकवीस लाख.
• फोर-के, म्हणजेच अल्ट्रा एचडी: ३८४० × २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख.

एट-के नावाचा प्रकारही आहे, ७६८० × ४३२०, सव्वातीन कोटींच्या वर ठिपके. आपल्या कामाचा तो नाही, सोडून द्या.

ठिपके जास्त म्हणजे चित्र बारीक, हे खरं. पण हे ठिपके भरायला तेवढी माहितीही आत यायला हवी. पाव किलो तांदूळ मोठ्या पातेल्यात शिजवला म्हणून भात जास्त होत नाही. म्हणून पहिला प्रश्न टीव्हीबद्दल नाहीच.

प्रश्न १: घरात चित्र येतं कुठून?

*फ्री डिश.* प्रसार भारतीची डीडी फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. खेड्यापाड्यात ती इतकी रुजली ती यामुळेच. पण तिच्यावरचे बहुतेक चॅनेल साध्या दर्जाचे, म्हणजे एसडी आहेत. एसडी चित्र जास्तीत जास्त ७२० × ५७६ ठिपक्यांचं, साधारण सव्वाचार लाख.

हा ५७६ आकडा जुना आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच वर्षी देशात दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्या वेळच्या चित्रात दिसणाऱ्या ओळी ५७६ होत्या. आजच्या एसडी चॅनेलमध्येही ओळी त्याहून जास्त नाहीत. जिल्ह्याचं वय आणि या चित्राचं वय एकच म्हणा ना!

आता गणित बघा. हे सव्वाचार लाख ठिपके फुल एचडी पडद्यावर टाकले की एकेक ठिपका पाच ठिपक्यांवर पसरतो. फोर-के पडद्यावर तोच ठिपका वीस ठिपक्यांवर पसरतो. मधली जागा टीव्ही अंदाजाने भरतो. टीव्ही चांगला असेल तर अंदाज बरा, पण तो अंदाजच. नवीन बारकावा त्यातून निर्माण होत नाही.

*पैसे भरून घेतलेली डिश.* यात एचडी चॅनेलचा पॅक घेतला आणि बॉक्सही एचडी असला, तर १०८० ओळींचं चित्र येतं. इथे फुल एचडी टीव्हीचे पैसे वसूल होतात. पॅक एसडीचा असेल तर पुन्हा वरचीच गोष्ट.

*मोबाईलचं नेट.* हॉटस्पॉट लावून टीव्हीवर बघणारे आपल्याकडे खूप आहेत. इथे दोन गोष्टी तपासा, वेग आणि डेटा. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या सूचनेप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो. डेटा म्हणाल तर फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत आणि एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातो. रोजचे २ जीबी मिळणारा पॅक असेल, तर फोर-केमध्ये तो साधारण १७ मिनिटांत संपेल. सिनेमाचं पहिलं गाणं झालं की पॅक खलास! शिवाय फोर-के दिसायला त्यांचा सगळ्यात महागडा प्लॅन घ्यावा लागतो. स्वस्तातला मोबाईल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही.

*फायबर.* घरापर्यंत वायर आली असेल, वेग स्थिर असेल आणि डेटा भरपूर असेल, तर फोर-केचा विचार नक्की करा.

*पेन ड्राइव्ह.* दुकानाची जाहिरात, लग्नाचा व्हिडिओ, मुलांचे धडे. फाईल ज्या दर्जाची, चित्र त्या दर्जाचं. फोनवरून फोनवर पाठवत आलेला व्हिडिओ बऱ्याचदा दाबला गेलेला असतो, तो कुठल्याच टीव्हीवर चांगला दिसणार नाही.

थोडक्यात, चॅनेल, बॉक्स, वायर, पॅक आणि पडदा यांची एक साखळी आहे. त्यातली सगळ्यात कमजोर कडी जेवढी, तेवढंच चित्र तुम्हाला दिसणार.

प्रश्न २: तुम्ही किती फुटांवरून बघता?

हा प्रश्न दुकानात कुणीच विचारत नाही. खरं तर इथेच पैसे वाचतात.

माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहे. नजर चांगली असली तरी एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा लहान कोनातला बारकावा आपल्याला वेगळा दिसत नाही. म्हणजे ठराविक अंतरापलीकडे बसलात की ठिपके एकमेकांत मिसळतात. मग पडद्यावर आणखी ठिपके असोत की नसोत, डोळ्याला फरक कळत नाही. यावरून हिशेब केला तर आकडे असे येतात.

३२ इंची टीव्ही:
• एचडी रेडी असेल तर साधारण ६ फुटांपलीकडे ठिपके दिसत नाहीत.
• फुल एचडी असेल तर ४ फुटांपलीकडे.

४३ इंची टीव्ही:
• एचडी रेडी असेल तर ८ फूट.
• फुल एचडी असेल तर साडेपाच फूट.
• फोर-के असेल तर ३ फुटांच्या आतच.

५५ इंची टीव्ही:
• फुल एचडी असेल तर ७ फूट.
• फोर-के असेल तर साडेतीन फूट.

याचा अर्थ काय? तुमची खोली १० बाय १० ची आहे आणि तुम्ही ८ फुटांवर बसता. तर ४३ इंचीमध्ये फुल एचडी आणि फोर-के यांतला बारकाव्याचा फरक तुमच्या डोळ्याला दिसणारच नाही. ३२ इंचीमध्ये तर एचडी रेडीसुद्धा पुरतो.

आता याच हिशेबाने फ्री डिशच्या एसडी चित्राचं बघा. ते ३२ इंचीवर ११ फुटांच्या आत बसलं की पुसट जाणवायला लागतं, ४३ इंचीवर १५ फुटांच्या आत आणि ५५ इंचीवर १९ फुटांच्या आत. आपल्या किती घरांत १५ फूट मागे सरकायला जागा आहे? मोठा टीव्ही घेतल्यावर चित्र बिघडल्यासारखं का वाटतं, त्याचं उत्तर हे आहे. शेजारच्याचा छोटा टीव्ही स्पष्ट दिसतो, कारण तेच चित्र तिथे कमी ताणलं गेलंय.

एक खुलासा करतो. रंग, उजेड, काळा रंग किती काळा दिसतो, आवाज किती स्वच्छ, हे सगळं रिझोल्यूशनपेक्षा वेगळं आहे. चांगल्या पडद्याचा फुल एचडी टीव्ही हा स्वस्तातल्या फोर-केपेक्षा सरस दिसू शकतो. त्यामुळे डोळ्याने बघून घ्या, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

प्रश्न ३: टीव्हीवर तुम्ही काय बघणार?

चार उदाहरणं घेऊ. ही मी समजावण्यासाठी मांडलीत, पण तुम्हाला यात ओळखीची माणसं सापडतील.

*पगारदार कुटुंब, घरी फ्री डिश.* आई बातम्या आणि मालिका बघते, पोरं कार्टून, रविवारी सगळे मिळून सिनेमा. बसायचं अंतर ७-८ फूट. यांना ३२ इंची एचडी रेडी पुरतो. उरलेल्या पैशात चांगला स्टॅबिलायझर घ्या, कारण व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात टीव्ही मरतो तो त्याने. पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढायची सवय पोरांना लावा.

*खानावळ.* गिऱ्हाईक १०-१२ फुटांवर जेवत बसलेलं, वर क्रिकेटची मॅच. इथे ४३ इंची फुल एचडी आणि एचडी पॅकची डिश ही जोडी चांगली. समजा फोर-केला ८,००० रुपये जास्त पडतात आणि एका थाळीमागे तुम्हाला २० रुपये सुटतात. म्हणजे तो फरक भरून काढायला ४०० थाळ्या विकाव्या लागतील. आणि १२ फुटांवरून तो फरक कुणाला दिसणारच नाही. त्यापेक्षा उजेड जास्त देणारा पडदा बघा, कारण खानावळीचं शटर दिवसभर उघडं असतं. आणखी एक, घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत धंद्यातल्या वापराला बऱ्याचदा वेगळी अट असते. घेण्याआधी वॉरंटी कार्ड वाचा.

*किराणा दुकान, सीसीटीव्हीसाठी पडदा.* इथे गंमत आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० × १०८० चं चित्र देतो. चार कॅमेरे एका फुल एचडी पडद्यावर एकत्र दाखवले की प्रत्येकाच्या वाट्याला ९६० × ५४० एवढेच ठिपके येतात. पडदा फोर-के असेल आणि रेकॉर्डरही फोर-के बाहेर देत असेल, तर चारही कॅमेरे पूर्ण बारकाव्यात दिसतात. पण बरेच स्वस्त रेकॉर्डर फुल एचडीच बाहेर देतात. म्हणून आधी रेकॉर्डरचं बघा, मग टीव्हीचं. आणि नोटेचा रंग, गिऱ्हाइकाचा चेहरा बघायचा असेल तर एकच कॅमेरा मोठा करून बघता येतो. त्याला फुल एचडी पुरतो.

*सेवा केंद्र किंवा क्लास.* टीव्हीला कॉम्प्युटर जोडायचा, सातबारा किंवा फॉर्म समोरच्याला दाखवायचा, मुलांना धडा शिकवायचा. इथे मात्र कंजुषी करू नका. अक्षरं आणि आकडे चित्रापेक्षा जास्त बारकावा मागतात, आणि तुम्ही बसताही दोन-तीन फुटांवर. एचडी रेडी पडद्यावर अक्षरं फुटतात. ३२ इंचीला फुल एचडी घ्याच. ४३ इंचीवर जवळ बसून दिवसभर काम करायचं असेल, तर फोर-केचे पैसे योग्य ठिकाणी गेले असं समजा.

बघा, चारपैकी एका ठिकाणी फोर-के खरंच हवा, एका ठिकाणी रेकॉर्डरवर अवलंबून आहे आणि दोन ठिकाणी त्याची गरज नाही.

"पण उद्या गावात फायबर आलं तर?"

रास्त प्रश्न आहे. उत्तर आकारावर आहे. ५० इंच आणि त्यावर गेलात तर बाजारात बहुतेक फोर-केच मिळतात, तिथे निवडायला फार काही नसतं. ४३ इंचीला दोन्ही मिळतात. फरक थोडाच असेल, खिशाला झेपत असेल आणि वर्ष-दोन वर्षांत चांगलं नेट येण्याची खात्री असेल, तर फोर-के घ्या. नुसत्या "येईल कधीतरी"वर हप्ते वाढवू नका. नेट येईपर्यंत हप्ते तर सुरू होतात ना!

करातला एक बदलही लक्षात ठेवा. ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरही १८ टक्केच झाला. करापूर्वीची किंमत २०,००० असलेला ४३ इंची टीव्ही आधी २५,६०० ला पडायचा, आता २३,६०० ला पडतो. दुकानदार जुनी किंमत सांगत असेल तर बिल मागा.

बॉक्सवरचे शब्द नीट वाचा

"फोर-के सपोर्ट" किंवा "एचडीआर सपोर्ट" असं मोठ्या अक्षरात छापलेले स्वस्त टीव्ही मिळतात. त्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की टीव्ही तसा व्हिडिओ आत घेतो आणि स्वतःच्या कमी ठिपक्यांत बसवून दाखवतो. खरी ओळख आकड्यात आहे. बॉक्सच्या बाजूला तांत्रिक माहितीत पडद्याचं रिझोल्यूशन शोधा. ३८४० × २१६० लिहिलं असेल तरच फोर-के. १३६६ × ७६८ असेल तर पुढे कितीही चमकदार स्टिकर असो, तो एचडी रेडीच.

बीईईचं स्टार लेबलही बघा. त्यावर वर्षाला किती युनिट वीज जाईल ते लिहिलेलं असतं. एकाच आकारात फोर-के पडद्याला मागून जास्त उजेड लागतो, म्हणून तो सहसा वीजही थोडी जास्त खातो. इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणाऱ्याला हे बघावंच लागतं.

आता टीव्ही विकणाऱ्या माझ्या मित्रांसाठी

एटापल्ली, आलापल्ली, अहेरीत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान असलेल्यांनो, हे तुमच्यासाठी. तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक आतल्या गावातून गाडी करून येतं. टीव्ही परत आणायचा म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी आणि भाडं. चंद्रपूर एटापल्लीहून शंभर किलोमीटरच्या वर आहे. तिथल्या दुकानाशी तुम्ही भावात कदाचित लढू शकणार नाही. विश्वासात मात्र नक्की लढू शकता.

मग करायचं काय?

पहिलं, दुकानातला एक टीव्ही कायम फ्री डिशवर चालू ठेवा. कंपनीच्या डेमो व्हिडिओत फुलं आणि पक्षी सगळ्याच टीव्हीवर सुंदर दिसतात. गिऱ्हाइकाच्या घरी जे दिसणार आहे, तेच त्याला दाखवा.

दुसरं, काउंटरवर टेप ठेवा. "दादा, तुम्ही भिंतीपासून किती लांब बसता?" असं विचारून जमिनीवर तेवढं अंतर मोजा आणि गिऱ्हाइकाला तिथे उभं करून बघू द्या. माडिया बोलणाऱ्या आजोबांनाही हे समजावून सांगावं लागत नाही, डोळ्याला आपोआप कळतं.

तिसरं, वाचलेल्या पैशाचं काय करायचं ते तुम्हीच सुचवा. स्टॅबिलायझर, भिंतीचा स्टँड, चांगली वायर, एचडी बॉक्स. मोठा टीव्ही विकून एकदा जास्त कमावण्यापेक्षा बिलावर चार कामाच्या वस्तू असलेल्या बऱ्या. गिऱ्हाईक खूश, आणि तुमचं मार्जिनही फार हलत नाही.

पहिल्या पगारातून टीव्ही घेणारा पोरगा तुमच्याकडे एकदाच येत नाही. पुढच्या वर्षी फ्रीज, मग कूलर, मग बहिणीच्या लग्नातला आंदणाचा सामान. त्याच्या घरी चित्र पुसट दिसलं तर ते अख्खा मोहल्ला बघतो, आणि आठवडी बाजारापर्यंत बातमी पोचते. स्पष्ट दिसलं तरीही पोचते.

दुकानात जाण्याआधी

एका कागदावर तीन ओळी लिहून न्या. घरी चित्र कुठून येतं. किती फुटांवरून बघतो. काय बघणार. टेप नसेल तर पावलांनी मोजा, चालेल. तो कागद दुकानदाराच्या हातात द्या आणि म्हणा, "यात बसेल असा दाखवा." सणाच्या आधी खरेदी करणार असाल तर हे मोजमाप आज रात्रीच करून ठेवा. दुकानातल्या गर्दीत आणि ऑफरच्या गोंधळात ते आठवत नाही.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा वाढवा, हिशेब लिहीत राहा. जोहार!